वाटेवरची

“दुरकासाबाई तिरभवन, हाजिर हो!”

पट्टेवाल्याने तिसऱ्यांदा आरोळी दिली, तेव्हा कुठे माझ्या आईने बाकावरून मान वर केली.

“दुर्कस,” ती म्हणाली. “दुर्कस त्रिभुवन. नीट म्हन, मग उठते.”

“मावशे, सायेब खोळंबलेत.”

“तुझ्या सायबाचं नाव कुनी असं मोडलं, तर चालंल का त्याला?”

पट्टेवाल्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाला, “दुर्कसबाई, चला.”

“आता कसं!” आई उठली, पदर डोक्यावर ओढला आणि आत गेली. तिच्यामागे मी, आमच्या चर्चचे पाळकबाबा उजागरे आणि पिंपळटाक्याहून पहाटेच्या एसटीने आलेली आमची सगळी मंडळी.

तालुक्याच्या मामलेदार कचेरीतली ही गोष्ट. मी तेव्हा पंचविशीच्या आसपास होते. आता आईच्या त्या वेळच्या वयाच्या कितीतरी पुढे गेले आहे. अक्षरं मला फार उशिरा आली, तीही नातीच्या पाटीवर. आली तेव्हापासून ही गोष्ट कागदावर उतरवायची मनात होती.

तंटा वाटेचा होता. गाव आणि आमचं आवार यांच्यामध्ये आगळ्यांचं वावर होतं. आवारात आमचं कौलारू चर्च, त्याला आम्ही देऊळच म्हणायचो, आमची मोजकी घरं, आणि देवळाच्या पाठीमागे आईची बाळंतखोली. आई मिशनच्या दवाखान्यात राहून सुईणीचं काम शिकून आली होती. रविवारी देऊळ झाडायचं, घंटा वाजवायची, उपासनेला पहिल्या चटईवर बसायचं आणि बाकीचा आठवडा कुणाच्या ना कुणाच्या कळांपाशी घालवायचा, असं तिचं आयुष्य. वडील मी लहान असतानाच वारले. मला ना भाऊ ना बहीण. आईने एकटीने मला वाढवलं आणि माझ्याबरोबर निम्म्या गावालाही. मराठ्यांच्या, धनगरांच्या, वडारांच्या बायका, सगळ्या त्या वावरातल्या वाटेने आईकडे यायच्या.

मग पाटाचं पाणी आलं. त्याच साली म्हातारे आबा आगळे वारले आणि वावर त्यांच्या मुलाच्या, रंगनाथच्या हातात आलं. रंगनाथने ऊस लावायला काढला. वाट नेमकी वावराच्या मधून जात होती. एका सकाळी तिच्या दोन्ही तोंडांना बाभळीच्या काट्यांचे ढीग पडले. दुसरा रस्ता ओढ्यातून, लांबच्या वळशाचा, नुसत्या दगडगोट्यांचा.

रंगनाथ माझ्याच वयाचा. अंगाने गोल, उंचीने बेताचा. ती उंची भरून काढायला तो फेटा चार बोटं जास्त उंच बांधायचा. मी पडले ताडमाड. गाव म्हणायचं, रिबकाला देवळाच्या घंटेला दोरी लागत नाही. काट्या पडण्याच्या आधी एकदा त्या वाटेवर आम्ही समोरासमोर आलो, तर तो म्हणाला, “ए ताडमाड, जरा खाली बघून चाल.”

“खाली बघूनच चालते,” मी म्हणाले, “म्हणून तर दिसलास.”

तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं.

काट्या पडल्यावर आई काही दिवस ओढ्यातूनच ये-जा करत राहिली. मग रंगनाथच्याच सालगड्याची बायको अडली. वाट बंद, म्हणून तिला बैलगाडीत घालून ओढ्यातून आणलं आणि मधोमध चाक दगडात रुतलं. आईला निरोप पोचला तशी ती पळत सुटली. मी तिची पिशवी घेऊन मागे. गुडघाभर पाण्यात उभं राहून, गाडीच्या साट्यावर आईने ते बाळंतपण केलं. पोर रडलं, तेव्हा गाडीवानही रडला. आईने बाळाला पुसलं, बाळंतिणीच्या कुशीत दिलं आणि ओल्या लुगड्याने तडक आगळ्यांच्या वस्तीवर गेली.

“रंगनाथा, काट्या काढ.”

“दुर्कसमावशी, तुमचा मान हाय,” तो ओसरीवरूनच म्हणाला. “पन वावर माझं हाय.”

“वावर तुझं. वाट तुझी न्हाई.”

“मग कुनाची?”

आईने बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मी तिला कधी असं अडखळताना पाहिलं नव्हतं.

“कचेरीत सांगते,” ती म्हणाली आणि वळली.

पाळकबाबांनी अर्ज केला. तारीख पडली. आमची बाजू लंगडी आहे हे पाळकबाबांना ठाऊक होतं. नकाशात ती वाट नव्हती. रंगनाथचे वकील कुलथे म्हणत होते, ही वाट जुनी नाहीच, आबा आगळे भले माणूस म्हणून ख्रिस्ती लोकांनी दांडगाईने पाडली. वाट पडली तेव्हाचं हयात माणूस एकच, आई. तिच्या बोलण्यावर वाट राहणार किंवा जाणार होती, आणि वाट गेली असती तर बाळंतखोलीही गेली असती. कळा देणारी बाई ओढा ओलांडून किती वेळा जिवंत येणार?

म्हणून एसटीत पाळकबाबा तिला सारखे पढवत होते. “दुर्कसबाई, विचारलं तेवढंच सांगायचं. इथली साक्ष निराळी असते.”

“साक्षीत निराळं काय असतंय, पाळकबाबा?”

“अहो, कचेरीतली साक्ष—”

“मला नका शिकवू. लगीन होऊन आले तवापासून साक्ष देतेय.”

पाळकबाबांनी खिडकीबाहेर पाहत कपाळ चोळलं. आमच्या देवळात साक्ष म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? महिन्याच्या पहिल्या रविवारी गायन झालं की तेच विचारायचे, कुणाला साक्ष द्यायची आहे? मग एकेक माणूस उठून मंडळीकडे तोंड करून सलाम घालायचं, आवडीचं पद म्हणायचं आणि देवाने व माणसाने आपलं काय भलं केलं ते उघड सांगायचं. शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं. आईला ही एकच साक्ष ठाऊक होती.

कचेरीत मामलेदार टेबलामागे बसले होते. पिकलेल्या मिशांचे, कंटाळलेले गृहस्थ. त्यांच्या बाजूला कारकून, समोर एका अंगाला कुलथे वकील आणि रंगनाथ. रंगनाथचा फेटा त्या दिवशी आणखीच उंच होता.

कारकून म्हणाला, “बाई, म्हणा, ईश्वराला साक्ष ठेवून शपथ घेते की—”

“मी शपथ खात न्हाई.”

मामलेदारांनी मान वर केली. “का?”

“शपथ खाल्ल्यावर खरं बोलायचं, मंग एरवी काय खोटं बोलायचं व्हय, सायेब? जन्मात एकदाच खाल्ली, ती बी दुसरीनं घातली म्हनून. ती आता फिटली.”

“प्रतिज्ञेवर घ्या,” मामलेदार कारकुनाला म्हणाले. “बोला, बाई.”

आईने मामलेदारांकडे सरळ पाठ केली, बाकांकडे तोंड केलं, आणि हात जोडून मोठ्याने म्हणाली, “सलाम, मंडळी!”

“सलाम!” मागून आमची मंडळी सवयीने गरजली.

“सायेब,” कारकुनाने विचारलं, “हे लिहायचं का?”

तोवर आईने पद धरलं होतं. मागच्यांनी ते उचललं, कुणीतरी टाळीही धरली. दारातून दुसऱ्या तारखांना आलेली माणसं डोकावू लागली. कुलथे वकील उभे राहिले. “साहेब, ही कचेरी आहे की भजनाचा मांडव?”

“बाई!” मामलेदारांनी टेबलावर हात आपटला. “काय चाललंय हे?”

“साक्ष, सायेब.”

पाळकबाबांनी डोळे मिटून घेतले. प्रार्थना करत होते की लाजत होते, देव जाणे.

मामलेदारांच्या मिशा हलल्यासारख्या वाटल्या. “गाणं पुरे,” ते म्हणाले. “आणि माझ्याकडं तोंड करून बोला.”

“वाट कुणी पाडली एवढंच सांगा,” कुलथे म्हणाले.

“त्येच सांगतेय. घाई केली की मूल आडवं येतं, वकीलसायेब.”

मागे हशा झाला. तो थांबेपर्यंत आई थांबली. मग बोलू लागली, आणि तिचा आवाज देवळातल्यासारखा झाला, ठाम आणि शांत.

“ही माझी रिबका, ती तिथं बसलीय. ही झाली तवा मला बाळंतज्वर चढला. मला सुद न्हवती, हिच्या बापानं मागनं सांगितलं ते सांगते. अंगावर दुधाचा थेंब न्हाई. हिच्या बापानं शेळीचं दूध पाजून बघितलं, पोरीनं ओकून टाकलं. मंडळी गुडघे टेकून बसली. पोर मांजरावानी रडायची, मंग रडायची बी थांबली. अशात एका दिवशी तांबडं फुटायच्या आधी दार वाजलं. दारात बयजाआई आगळे.”

रंगनाथने चमकून पाहिलं. बयजाबाई म्हणजे त्याची आई. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

“काखेत पोर. ह्योच, रंगनाथ. दुसऱ्या हातात टमरेल. परसाकडंला जाते म्हनून घरातनं निघालेली.”

कचेरी खो खो हसली. आईही हसली. मग म्हणाली, “हसा. पन त्या काळात आगळ्यांच्या घरची बाई आमच्या उंबऱ्याच्या आत दिसली असती, तर तिला माघारी घरात घेतली नसती. आमी देवळात आलो तरी गावाला आमी महारवाड्यातलेच. आबांना आमची सावली चालत न्हवती. ती म्हनली, पोरगी हाय का अजून? हिच्या बापानं मान हलवली. तशी ती आत आली, भितीला टेकून बसली. एका मांडीवर ह्यो, दुसऱ्या मांडीवर ही. दोघांना एकदमच अंगावर घेतलं.”

हसणं कुठल्या कुठे गेलं. मी ते ऐकत होते, पण ती पोर म्हणजे मी आहे हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. आईने मला हे कधीच सांगितलं नव्हतं.

“मी उठून बसेपत्तोर ती रोज आली. वावरात जोंधळा हुभा व्हता, पुरुषभर. बांधावरनं आली तर दिसंल, म्हनून ती मधनं यायची, ताटं बाजूला सारत, अंधारात, पोराला घेऊन. जोंधळा निघाला तवा वावरात वाट पडलेली. आगळ्यांच्या परसापासनं माझ्या दारापत्तोर, सरळ. आबा म्हनले, कुनी पाडली ही? नांगरून टाका. बयजाआई म्हनली, राहू द्या, पोरांची आजारपनं असल्या वाटंनं घराभाईर जात्यात, मोडू न्हाई. आबांनी नांगर वळवला. पुन्हा कदी त्या वाटंत घातला न्हाई.”

कारकुनाचा टाक हवेतच थांबला होता.

“मी बरी झाले तवा तिच्या पायावर पडले. म्हनलं, हे कसं फेडू? तर मला म्हनती, दूध म्हागारी देता येतं का, येडे? जा, दुसरीच्या कळांना हुभी राहा. आन् शपथ घातली, माझ्या मालकाच्या जीवात जीव हाय तवर हे बोलायचं न्हाई. आबा गेले, शपथ फिटली. म्हनून मी दवाखान्यात जाऊन सुईन झाले. लोक म्हनतात, दुर्कसबाईनं लई सेवा केली. मंडळी, मी निस्ती चालत राहिले. वाट तिची. माझी पोरगी पोटभर पिऊन झाली की ती तिच्या गालाला बोट लावायची आन् म्हनायची, झालं का गं पोट, वाटेवरचे? नाव म्हनून कधी घेतलं न्हाई. वाटेवरचीच म्हनायची.”

रंगनाथ ताडकन उभा राहिला.

“काय म्हनायची?”

“वाटेवरची.”

कुलथे वकिलांनी त्याची बाही ओढली. “आगळे, खाली बसा. हे सगळं नाकारायचं आहे. याला पुरावा नाही.”

“थांबा हो जरा!” त्याने बाही सोडवून घेतली. त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. “सायेब, मी जेवताना लई खोड्या करायचो. तवा आई म्हनायची, गिळ लवकर, न्हाईतर वाटेवरची येईल आन् तुझ्या वाटनीचं खाऊन जाईल. मी भ्यायचो. मला वाटायचं, वाटेवरची म्हंजी हडळ. वावरातल्या त्या वाटंनं मी दिवसा बी पळतच जायचो. आईला इचारलं की ती निस्ती हसायची.”

तो माझ्याकडे वळला. पायापासून डोक्यापर्यंत त्याने मला पाहिलं. डोक्यापर्यंत पोचायला त्याला मान बरीच वर करावी लागली.

“म्हंजी ती हडळ ही!”

कुणाला हसावं की रडावं कळेना. त्याला मात्र एकदम काहीतरी उमगलं.

“आन् माझ्या वाटनीचं खरंच प्याली की हिनं! तरीच! तरीच ही एवढी, आन् मी एवढा!”

कचेरी फुटली. मामलेदार पिकल्या मिशांतून हसत होते, पट्टेवाला दाराला टेकून हसत होता. माझंही तोंड गप्प बसेना.

“एवढा कुठं?” मी म्हणाले. “त्यातला निम्मा तर फेटाच.”

“बघा! बघा! खाऊन वर बोलती बी!” रंगनाथ म्हणाला, आणि तोंडावर उपरणं धरून खाली बसला. त्याचे खांदे हलत होते. ते हसू नव्हतं.

कुलथे वकिलांनी कागद गोळा करायला सुरुवात केली. मामलेदारांनी कारकुनाला विचारलं, “जबाब लिहिला का पुरा?”

“न्हाई, सायेब. ऐकतच राहिलो.”

“मग आगळ्यांचा लिहा. आगळे, तुमचं काय म्हणणं?”

रंगनाथ उठला, फेटा सारखा केला. “वाट माझ्या आईची हाय, सायेब. काट्या मी टाकल्यात, मीच काढतो. लिहून घ्या, आन् पक्कं लिहा. उद्या माझ्या पोरांनी बी टाकायला नको.”

“आमेन!” मागून आमची मंडळी एका आवाजात गरजली, आणि या वेळी मामलेदारांनी टेबलावर हात आपटला नाही.

बाहेर पायऱ्यांवर आईने पाळकबाबांना गाठलं. “झाली का साक्ष?”

“झाली, दुर्कसबाई.”

“शेवटचं कडवं म्हनू दिलं न्हाई त्यांनी. एवढंच राहिलं.”

परतताना रंगनाथने आम्हा सगळ्यांना आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवलं. कुलथे वकिलांना मात्र एसटीने जावं लागलं. वावरापाशी येताच तो उतरला आणि काट्या उपसू लागला. काटे ओढायची आकडी आणायचीही वाट पाहिली नाही त्याने, नुसत्या हातांनी. मी दुसरं टोक धरलं. मध्येच तो म्हणाला, “हळू, हाताला लागंल,” आणि मी म्हणाले, “तुझ्याच हातातनं रगत येतंय, बघ.” आई वाटेच्या मधोमध उभी राहिली आणि तिने ते राहिलेलं कडवं खड्या आवाजात म्हणून टाकलं. वस्तीवरून सालगड्याची बायको आपलं ओढ्यातलं पोर कडेवर घेऊन ते ऐकायला आली.

त्यानंतर ऊस दोन्ही अंगांनी वाढला आणि मधली वाट बैलगाडी जाईल एवढी रुंद झाली. रंगनाथने स्वतःच ती रुंद केली. त्याच्या दोन्ही सुना त्याच वाटेने बाळंतखोलीत आल्या. दर नाताळाला तो पहिल्या चटईवर आईच्या शेजारी बसायचा, आणि राखीपौर्णिमेला सकाळीच माझ्या दारात उभा राहून ओरडायचा, “हडळीबाई, हायेस का घरात?”

आई खूप म्हातारी होऊन गेली. एका शनिवारी तिने देऊळ झाडलं, केरसुणी कोपऱ्यात ठेवली आणि चटईवर जरा टेकली, ती टेकलीच. दुसऱ्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. वाटेवर दूरपर्यंत माणसं उभी होती. त्यातल्या कितीकांचा पहिला श्वास आईने ऐकलेला. उजागरे पाळकबाबांच्या जागी आलेल्या तरुण पाळकांनी विचारलं, “कुणाला साक्ष द्यायची आहे?”

रंगनाथ उठला. मंडळीकडे तोंड केलं. “सलाम, मंडळी,” म्हणाला. पद त्याला येत नव्हतं, म्हणून त्याने आम्हाला म्हणायला लावलं, शेवटच्या कडव्यापर्यंत. मग म्हणाला, “ही बाई माझ्या आईच्या वाटंनं चालली. माझी आई एवढ्याशा पावलांनी आलती, अंधारात, लपूनछपून. हिनं ती वाट उजेडात आनली.” एवढं बोलून तो दाराबाहेर गेला. आमेन म्हणायलाही तो थांबला नाही.

कबरस्तान गावाच्या पलीकडे. पेटी त्याच वाटेने न्यायची होती. खांद्याला पुष्कळ जण पुढे आले. बायका खांदा देत नाहीत, पण मी पुढच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि कुणी मला हटवलं नाही. पुढची डावी बाजू रंगनाथने धरली.

पेटी उचलली, आणि ती एकदम त्याच्याकडे कलली.

“अहो, थांबा, थांबा!” मागून कुणीतरी ओरडलं. “आजी घसरतील! रंगनाथतात्या, तुम्ही मागं या, तिथं उंच माणूस द्या.”

“मागं कोन जातंय?” रंगनाथ म्हणाला. “टेकवा खाली जरा.”

पेटी तिवईवर टेकवली. वाटेवरची सगळी माणसं बघत होती. रंगनाथने डोक्याचा फेटा उतरवला. अख्ख्या हयातीत त्याला चारचौघांत बोडक्या डोक्याने कुणी पाहिलं नव्हतं. त्याने त्या फेट्याची घडी घातली, घडीवर घडी घातली, आणि ती जाडजूड चुंबळ डाव्या खांद्यावर ठेवली.

“आता उचल,” तो मला म्हणाला, “वाटेवरचे.”

आम्ही उचललं. पेटी अगदी सरळ राहिली. मंडळीने गायला सुरुवात केली, आणि उसाच्या दोन भिंतींमधून, बयजाआईच्या वाटेने, आम्ही आईला घेऊन निघालो.